ओट्यावरून सुटलेली सायकल

मला सायकल चालवता येत होती, पण तिच्यावर चढता येत नव्हतं आणि तिच्यावरून उतरताही येत नव्हतं. परवा हे मी माझ्या भाचीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की हातातला चहा तिच्या कुर्त्यावर सांडला. ईशा कॉम्प्युटरच्या एका कंपनीत आहे आणि नुकतीच ऑफिसला सायकलने जायला लागली आहे. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, हँडलवर रस्ता दाखवणारा मोबाइल, असा सगळा थाट. पहिल्या दिवशी तिने फोटो पाठवला होता आणि खाली विचारलं होतं, 'मावशी, तू कशी सुरू केली होतीस?' मी उत्तर लिहायला बसले, पण माझी बोटं मोबाइलवर भराभर चालत नाहीत आणि गोष्ट काही दोन ओळींत मावणारी नव्हती. म्हणून ती घरी आली तेव्हा थोडी तोंडी सांगितली, आणि आता सगळी इथे लिहिते आहे.

आम्ही तेव्हा इंदूरच्या छत्रीबागेत राहत होतो. दोन खोल्या, पुढे दगडी ओटा आणि ओट्याला लागूनच गल्ली. आमची सकाळ आईच्या शिवणयंत्राच्या खडखडाटाने व्हायची. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज आईच्या हातचे होते. उजेड पडला की ती मशीनवर बसायची आणि मधेच उठून पोहे वाफवायची. पोहे इंदूरचेच, बडीशेप घातलेले, वरून जीरावणाचा मसाला भुरभुरलेले. पण आई मूळची नागपूरकडची, त्यामुळे रविवारी त्या पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री यायची, आणि बाबा त्या तर्रीवर मूठभर शेव टाकून दोन्ही गावांची समजूत काढायचे. आजही रविवारी मी तसेच पोहे करते. घरातले सगळे नाक मुरडतात आणि सगळे दुसऱ्यांदा मागून घेतात.

बाबा कापडाच्या मिलमध्ये विणाई खात्यात होते. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. मिलचा भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की आम्ही शाळेला निघायचो. बाबांची पाळी सारखी बदलायची. त्यामुळे त्यांची सायकल घरी असायची तेव्हा बाबा झोपलेले असायचे आणि बाबा जागे असायचे तेव्हा सायकल मिलमध्ये असायची. मी लहानपणी सायकल शिकले नाही याचं कारण एवढंच. ती सायकल काळी, उंच, मधे दांडा असलेली, चोवीस इंची. आजोबा महूच्या पलटणीत होते, आणि रोज बूट चमकवायची त्यांची सवय बाबांच्या हातात उतरली होती. बाबांचे बूट मात्र साधेच असायचे, चमकायची ती सायकल.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि शेवटी गेटला कुलूप लागलं. मोर्चे निघाले, बाबाही गेले. काही दिवसांनी मोर्चेही थकले. बाबा ओरडले नाहीत, कुणावर चिडले नाहीत, घरात बसायला लागले फक्त. बाहेर पडलं की पानाच्या दुकानावर कुणीतरी विचारायचंच, "काकाजी, मिल कब खुल री हे?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. पण बाबांनी आधी पानाचं दुकान टाळलं, मग गल्ली टाळली आणि मग ओट्यावर बसणंही सोडलं. सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आत खुर्चीवर बसायचे. रविवारी सायकल पुसायची, तेल द्यायचं आणि पेडल हाताने फिरवून चाक बघायचं, एवढा एक कार्यक्रम उरला होता. कुठेही न जाणाऱ्या त्या चाकाचा सरसर आवाज यायला लागला की आई मशीन थांबवायची. 

अशात मला नोकरी लागली. बी.एस्सी. झालेली होते, केमिस्ट्री घेऊन. सांवेर रोडला औषधांचा एक कारखाना होता, त्याच्या लॅबमध्ये गोळ्या तपासायचं काम. घरात पेढे आले, आईने मला नवा सलवार-कुर्ता शिवला, बाबांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हार घातला. आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की नोकरी मिळवण्यापेक्षा नोकरीवर पोचणं अवघड आहे. छत्रीबागेतून बडा गणपतीपर्यंत चालत, तिथून टेम्पो मरीमातेपर्यंत, मग दुसरा टेम्पो. टेम्पोवाला गाडी गच्च भरल्याशिवाय हलायचा नाही. आत एकीच्या मांडीवर दुसरी बसल्यासारखी स्थिती, तरी तो बाहेर डोकं काढून ओरडायचा, "आ जाओ बेनजी, खाली पड़ी हे!" मी एकदा उशिरा पोचले, मग पुन्हा एकदा. लॅबच्या मॅडमनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "बघ, काम तू चांगलं करतेस. पण तू अजून पक्की नाहीस. पुन्हा लेट झालीस तर मी काही करू शकणार नाही."

संध्याकाळी मी घरी येऊन हे सांगितलं आणि ताटावर बसून रडले. आई म्हणाली, "तर अजून लवकर निघत जा ना. अंधारात निघ, मी सोडते तुला टेम्पोपर्यंत."

"अगं, अंधारात टेम्पोच नसतो."

बाबा भाकरी कुस्करत होते. मान खाली घालूनच म्हणाले, "सायकल आहे ना."

"सायकल आहे, पण तिला कुठे येते?" आई म्हणाली. "आणि त्या सांवेर रोडवर ट्रक बघितले का तुम्ही? बाप रे! काही नको."

"मी शिकवतो."

एवढंच. कितीतरी दिवसांनी बाबांनी स्वतःहून काही करायचं म्हटलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे, आणि आईने बाबांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. जेवण झाल्यावर बाबा पाना घेऊन सायकलपाशी बसले. त्यांना सीट खाली करायची होती. ती सीट इतकी वर्षं त्यांच्याच उंचीला बसलेली होती, काही केल्या हलेना. तेल सोडलं, ठोकलं, अखेर ती कुरकुरत खाली आली. नळीवर जिथपर्यंत ती असायची तिथे एक तांबूस वळं उरलं होतं. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ऊठ."

जुन्या राजांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांच्या मागे मोकळं मैदान होतं, तिथे आमची शाळा सुरू झाली. बाबा कॅरिअर धरून मागे धावायचे आणि मी हँडल असं आवळायचे की जणू ते उडून जाणार आहे. "समोर बघ! चाकाकडे नाही, समोर!" मी समोर बघायचे आणि समोर जे असेल त्यावरच जाऊन आदळायचे. एकदा भाजीच्या ठेल्यावर, एकदा कुणाच्या वाळत घातलेल्या गोधडीवर, आणि एकदा एका म्हशीवर. ती म्हैस जागची हलली नाही, मीच पडले. सकाळी फिरायला येणारे लोक कठड्यावर बसून आमचा खेळ बघायचे. एक जण दररोज ओरडायचा, "अरे भिया, रस्ता छोडो, मास्टरनी की गाडी आ री हे!" मी मास्टरीण नव्हते, पण तेव्हा शिकलेल्या बाईला लोकांनी हीच पदवी ठरवून टाकली होती.

हळूहळू तोल आला. एका सकाळी मागून बाबांचा श्वास ऐकू येईना म्हणून मी बघितलं तर ते मैदानाच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात कमरेवर, आणि मी एकटी फिरत होते. आनंदाने मी किंचाळले आणि लगेच पडले. कारण थांबायचं कसं, हे मला येत नव्हतं. त्या दांड्यावरून पाय टाकणं मला जमायचं नाही. सीट खाली केली तरी पाय जमिनीला टेकायचे नाहीत. ब्रेक लावला की सायकल थांबायची आणि मी सायकलसकट एका बाजूला कलंडायचे. बाबांनी सगळे उपाय करून बघितले. मॅडमच्या धाकाने शिकायला फार वेळही नव्हता. शेवटी त्यांनीच तोड काढली. घराच्या ओट्याला सायकल लावायची, ओट्यावरून सीटवर बसायचं आणि निघायचं. कारखान्याच्या गेटपाशी चौकीदाराचा चबुतरा होता, त्याला टेकून उतरायचं. "मधे थांबायचंच नाही," बाबा म्हणाले, "मग अडचण काय?"

रविवारी त्यांनी मल्हारगंजातल्या दुकानातून एक सायकल भाड्याने आणली आणि आम्ही दोघांनी सगळा रस्ता चालवून बघितला. मी पुढे, ते मागे. मधे थांबावंच लागलं तर कुठे, ते बाबा दाखवत होते. मल्हारगंजात कापडवाल्याची पायरी, बडा गणपतीच्या पुढे गुरांच्या पाण्याचा दगडी हौद, मरीमातेच्या चौकात पानवाल्याची फळी, बाणगंगेला पुलाचा कठडा. त्या दिवसापासून मी इंदूर वेगळ्याच नजरेने बघायला लागले. लोक दुकानं बघतात, मी ओटे बघायचे. आजही गाडीतून जाताना एखादा बेताच्या उंचीचा कठडा दिसला की मनात येतं, हा बरा आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नाही. बाणगंगेचं रेल्वे फाटक त्या रविवारी उघडं होतं.

सोमवारी आईने मला ओट्यावर उभं करून सलवारच्या पायांना इलॅस्टिक लावून दिलं, चेनमध्ये अडकू नये म्हणून. डबा कॅरिअरला बांधला. भाकरी, बेसन आणि लसणाची चटणी. बाबा पायात चपला न घालताच गल्लीच्या टोकापर्यंत मागे धावत आले. मग त्यांचा आवाज मागे पडला आणि मी रस्त्यावर एकटी राहिले. मल्हारगंजात तेव्हा दुकानं उघडत होती, कुणी पाणी शिंपडत होतं, पत्र्याचे डबे करणाऱ्यांची ठोकाठोकी सुरू झालेली, कढईत जिलब्या फुलत होत्या. मी घंटी वाजवतच गेले. घंटीला थांबा नव्हता, माझ्यासारखाच. बडा गणपती पार झाला, मरीमाता पार झाली. वारा कानात शिरत होता आणि मला मोठ्याने गावंसं वाटत होतं. गच्च भरलेला एक टेम्पो स्टँडवर उभा दिसला, तर मी त्याच्याकडे बघून हसले.

आणि पुढे फाटक बंद.

फाटकाच्या अलीकडे ट्रक, टेम्पो, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली आणि पायी जाणाऱ्या बायकांचा घोळका. पुलाचा कठडा तर फाटकाच्या पलीकडे होता. टेकायला काही म्हणजे काही नव्हतं. एका क्षणात मला कळलं की थांबले तर पडेन आणि पडले तर पुन्हा चढता येणार नाही. म्हणून मी एकच करू शकत होते ते केलं. फाटकापुढच्या मोकळ्या जागेत हँडल वळवलं आणि गोल फिरायला लागले.

एक फेरी झाली. लोकांना वाटलं, वळून परत चालली. दुसरी झाली. मालगाडी अजून दिसतही नव्हती. तिसऱ्या फेरीला एका ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हर बाहेर वाकला, "क्यों बेनजी, सर्कस काँ लगा हे?" सगळं फाटक हसलं. दूधवाले टाळ्या वाजवायला लागले. मी घामाघूम झाले होते, डोळ्यांत पाणी होतं आणि तरी पेडल मारत होते. पाय थांबवले तर संपलं. मनात एकच होतं, उशीर झाला तर आज नोकरी गेली.

त्या बायकांच्या घोळक्यातून एक धिप्पाड बाई पुढे आली. पदर कमरेला खोचलेला, हातात फडक्यात बांधलेला डबा. ती माझ्या गोलाच्या अगदी काठाशी येऊन उभी राहिली आणि ओरडली, "ऐ छोरी, म्हारा कांधा पे हाथ धर! धर, धर!"

पुढच्या फेरीला मी एक हात सोडला आणि तिच्या खांद्यावर टाकला. ती जरासुद्धा हलली नाही. दुसऱ्या हाताने तिने हँडल पकडलं. सायकल थांबली आणि मी, सीटवर बसलेलीच, तिच्या गळ्यात पडले.

"काय गं, उतरता येत नाही का?" तिने हिंदीत विचारलं.

"नाही."

"आणि चढता?"

"तेही नाही."

ती बाई हसायला लागली. हसता हसता तिने माझा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. "कुठे निघालीस?" मी कारखान्याचं नाव सांगितलं. "अरे, मी तिथलीच! पॅकिंगमध्ये आहे." तिचं नाव शकुन. घोळक्यातल्या बायकांपैकीही बऱ्याच जणी तिथल्याच होत्या. कुशवाह नगरापासून रोज चालत जायच्या. आज फाटकाने त्यांचाही घात केला होता, त्यांच्याही हजेरीची वेळ होत आली होती.

अखेर मालगाडी आली, संपता संपेना अशी लांबलचक. डबे जात होते तोवर शकुन माझ्या सायकलकडे बघत विचार करत होती. मग म्हणाली, "तू चालवू शकतेस. मी पाय टेकवू शकते. म्हणजे दोघी मिळून एक पुरी सवारी होते की नाही?"

"मी कधी डबल सीट नेली नाही."

"मी तरी कुठे बसले आहे?"

फाटक वर गेलं. दोघी-तिघींनी सायकल धरली, शकुन कॅरिअरवर दोन्हीकडे पाय टाकून बसली, डबे मांडीवर घेतले, आणि त्या सगळ्या बायकांनी मिळून आम्हाला ढकललं. सुरुवातीला आम्ही ट्रकच्या चाकाच्या दिशेनेच निघालो होतो. "समोर बघ!" शकुन मागून ओरडली, अगदी बाबांसारखी. हँडल सरळ झालं. मागे लोक शिट्या मारत होते, आता हसण्याच्या नव्हेत. तो ड्रायव्हर हॉर्न वाजवत आमच्या मागे मागे बराच वेळ हळू चालला, कुणी आम्हाला कट मारू नये म्हणून.

कारखान्याचा चौकीदार गेट ओढून घेत होता. शकुनने लांबूनच आवाज दिला, "ठाकूरजी, रुको, ब्रेक नी हे!" ब्रेक होता, पण ते सांगायला वेळ कुणाला होता? ठाकूरजी घाबरून बाजूला झाले, आम्ही गेटमधून आत शिरलो आणि शकुनने दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या. धूळ उडाली. सायकल बरोबर चबुतऱ्यापाशी उभी राहिली. लॅबच्या मॅडम व्हरांड्यात होत्या. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाच्या इलॅस्टिककडे बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड धुऊन ये."

त्या दिवसापासून शकुन रोज फाटकाशी माझी वाट बघायची. फाटक उघडं असो की बंद, मी हळू व्हायचे, ती धावत यायची आणि मागे उडी मारायची. मला स्टँड मिळाला, तिचं चालणं वाचलं. जेवणाच्या सुट्टीत ती माझी लसणाची चटणी खायची आणि मी तिच्या मक्याच्या रोट्या. असं काही दिवस गेल्यावर ती म्हणाली, "मला शिकायचं आहे. तुझ्या बाबूजींना सांग."

मी घरी सांगितलं. बाबांनी मान हलवली. "घरच्या मुलीला शिकवणं वेगळं. बाहेरच्या बाईच्या मागे मी मैदानात धावू? लोक काय म्हणतील?" खरं कारण मला ठाऊक होतं. मला त्यांनी सकाळी लवकर, आमची गल्ली जागी व्हायच्या आत, मैदानात नेलं होतं आणि माझं शिकणं संपल्यावर ते पुन्हा आत खुर्चीवर जाऊन बसले होते. मी शकुनला कसंबसं सांगितलं की बाबांना बरं नाही. शकुनवर त्याचा काही परिणाम झाला नाही. रविवारी आम्ही पोहे खात होतो तेव्हा ती सरळ दारात हजर, बरोबर पॅकिंगमधल्या आणखी दोघी, हातात केळी आणि द्राक्षं.

"काकाजी, तबियत कैसी हे?" ती म्हणाली. बाबा ताट हातात घेऊन उभे. आपल्याला बरं नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांकडे.

आईने तिघींना बसवलं आणि पोहे वाढले. तर्रीने शकुनच्या नाकातून पाणी आलं, पण तिने बशी खाली ठेवली नाही. खाता खाता ती सांगत होती, रोज किती चालावं लागतं, पावसात चपला कशा चिखलात राहतात, उन्हात डोकं कसं फिरतं. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं. बाबा ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "चालत? रोज? जाऊन-येऊन?"

"और क्या, उडके?" शकुन म्हणाली.

आई मशीनवर जाऊन बसली होती. तिथूनच, दोऱ्याला गाठ मारत ती म्हणाली, "साडीवर जमणार नाही हो त्यांना. मी खालून घालायला पायजमे शिवून देते. तुम्ही या मैदानात जाऊन." बाबांनी क्षणभर आईकडे बघितलं, मग खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात पाना आणि तेलाची कुपी टाकली. आणि त्या तीन बायका आणि मी, अशी वरात घेऊन ते भर उजेडात गल्लीतून निघाले. पानवाल्याने विचारलं, "काकाजी, ये क्या हे?"

"स्कूल हे," बाबा म्हणाले.

शकुन माझ्यासारखी घाबरट नव्हती. ती पहिल्याच दिवशी पडली, उठली, पडली, आणि प्रत्येक वेळी पडल्यावर सायकललाच शिवी द्यायची. बाबा घसा बसेपर्यंत ओरडत होते. "समोर बघा! अहो, समोर! हँडल ढिलं सोडा, ते काही पळून जात नाही!" बायकांना शिकवता शिकवता त्यांनी मलाही उभं केलं आणि दांड्याची सायकल तिरकी करून उतरायचं कसं ते दाखवलं. माझ्यासाठी त्यांना सुचलं नव्हतं ते आता सुचलं होतं. तीन रविवार गेले नसतील, मी ओट्याशिवाय चढायला-उतरायला लागले. ओटे मात्र तोंडपाठ राहिले.

बायका वाढत गेल्या. पॅकिंगच्या बायकांनी आपल्या शेजारणी आणल्या, शेजारणींनी नणंदा. बाबांना आता आठवडाभर कामं असायची. भाड्याच्या सायकली आणायच्या, परत करायच्या, कुणाची चेन सैल तर कुणाचा ब्रेक घट्ट. या सायकली मल्हारगंजातल्या मुर्तजाभाईंच्या दुकानातून यायच्या. मुर्तजाभाई हिशेबी माणूस, पांढरी टोपी, बोलणं मऊ. ते काही दिवस बघत राहिले की रविवारी भाड्याने नेलेली सायकल बाई सोमवारी विकत घ्यायला कशी येते. एके दिवशी त्यांनी बाबांना स्टुलावर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "भाईसाब, दुकान में बेठो ना. आप सिखाओ, मैं बेचूँ. लेडीज सायकल लेने वाली आपको ही पूछती हे."

बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, मग मला सांगितलं, मग पुन्हा आईला. "सायकलच्या दुकानात," ते म्हणाले, "मी विणकर माणूस."

"त्या बायकांना शिकवताना तुम्हाला कुणी विचारलं का, तुम्ही विणकर आहात म्हणून?" आई म्हणाली. "जा आता. इथे बसून बसून माझ्या मशीनलाही गंज चढायला लागला."

बाबा हसले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मिल बंद झाल्यावर ते असं तोंडभर हसलेले मी तेव्हाच पहिल्यांदा बघितले. ते हसले म्हणून आई हसली, आणि ती हसली तशी मशीनच्या फळीवर ठेवलेला कुणाचा तरी ब्लाऊज घसरून खाली पडला.

मिल काही उघडली नाही. तिच्या जागेबद्दल पुढे पुष्कळ बोललं गेलं, त्यात मी पडत नाही. बाबांनी दुकानात बरीच वर्षं काढली आणि मल्हारगंजात त्यांना सायकलवाले काका म्हणणाऱ्या बायका अजून भेटतात. एक तर डॉक्टर झालेली आहे, तिने मला गुडघ्याची औषधं लिहून देता देता हे सांगितलं. शकुन पुढे सुपरवायझर झाली. मोपेड घेतली, पण मोपेडवर बसूनही ती टाचा रोवायची ते रोवायचीच.

मला सांगायची आहे ती बाबांच्या दुकानातल्या पहिल्या दिवसाची सकाळ. आदल्या संध्याकाळी मी मुर्तजाभाईंकडून माझी स्वतःची लेडीज सायकल आणली होती, हिरवी, पुढे तारेची टोपली. आईने दोन डबे भरले. बाबांनी पँटच्या पायाला क्लिप लावली, केस पुन्हा विंचरले. कोणता शर्ट घालावा यावर दोघांचं जरा वाजलंही. आम्ही दोघं बरोबर निघालो. मल्हारगंजपर्यंत आमचा रस्ता एकच होता. मला वाटलं होतं ते माझ्या मागून येतील, मी नीट चालवते की नाही बघत. पण गल्ली संपून रस्ता मोकळा झाला आणि ते माझ्या बरोबरीने आले. "जरा जोरात," म्हणाले. मी जोर लावला. त्यांनी सीटवरून उठून पेडलवर उभं राहून जोर लावला आणि ते पुढे गेले. त्यांचा शर्ट पाठीवर फुगला होता. मी हसत होते, त्यामुळे मला वेग घेता येईना.

मी दुकानापाशी पोचले तेव्हा त्यांनी सायकल उभी केली होती आणि ते मुर्तजाभाईंच्या बरोबर वाकून शटर वर ढकलत होते. मी घंटी वाजवली. बाबांनी मान न वळवता एक हात वर केला, आणि तोच हात पुन्हा शटरला लावला.